ज्योतीरामचे उस्ताद

माझ्यावर ज्यानं एकदाही वेळेआधी पडदा पाडला नाही, असा माणूस मला साऱ्या आयुष्यात एकच भेटला. ज्योतीराम.

आमची फिरती नाटक कंपनी बंद पडली, तंबू विकला गेला आणि मी पुण्याला बहिणीकडे येऊन राहिले, तेव्हाची ही ओळख. त्या काळात पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामगारांची नाटकं मोठ्या जोमात होत. पुरुषपात्रांची ददात नव्हती. लेथवर औरंगजेब सापडे, पेंट शॉपमध्ये दोन-तीन तानाजी कायम तयार असत, आणि कँटीनचा मॅनेजर तर जन्मजात खलनायक. बायका मात्र बाहेरून बोलवाव्या लागत. त्या बाहेरच्या बायकांतली मी एक. शिफ्ट सुटली की सगळे शिलेदार हातांचं ग्रीस पुसत तालमीला उभे राहत. तो वास मी अजून अत्तराच्या शेजारी जपून ठेवला आहे.

ज्योतीराम लातूरकडून नुकताच आलेला. हीट ट्रीटमेंट खात्यात होता. म्हणजे गिअर, शाफ्ट असे पोलादी भाग भट्टीत लाल करायचे आणि मग थंड करून कडक करायचे. त्याला नाटकात काम करायची फार हौस. पण त्याच्या तोंडून सरदारसुद्धा "काय करायलाव महाराज" असं विचारू लागला, तेव्हा दिग्दर्शकानं त्याला पडद्याच्या दोरीवर बसवलं.

एका प्रयोगात तिसऱ्या अंकात माझ्यासमोरचा नट वाक्य विसरला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मीही विसरले. समोर गच्च भरलेलं सभागृह, आणि आम्ही दोघं खांबासारखे उभे. मी विंगेत ज्योतीरामला डोळ्यांनी खुणावलं, पाड बाबा पडदा. त्यानं दोरी घट्ट धरून मान हलवली आणि ओठांनीच म्हणाला, "थांबा. आठवतंय." प्रेक्षक खोकू लागले. कुणाचं तरी पोर रडलं. शेवटी जीव वाचवायला मी भलत्याच नाटकातलं पद सुरू केलं, आणि काय सांगू, त्याला वन्समोअर मिळाला! नाटक संपल्यावर मी ज्योतीरामला झाडायला गेले. तो शांतपणे म्हणाला, "बाई, मी पाडला असता तर टाळी मिळाली असती का?"

मी झाडायचं विसरून त्याच्यासाठी चहा मागवला. 

आता आम्ही चिंचवड स्टेशनजवळ एकाच सोसायटीत राहतो. मी तळमजल्यावर, ज्योतीराम आणि त्याची बायको यशोदा माझ्या डोक्यावर. ज्योतीराम निवृत्त झाला तरी त्याचं 'थांबा' निवृत्त झालं नाही. उलट त्याला गुरू मिळाला. हे गुरू अमेरिकेत असतात. नव्वदी ओलांडलेले, जगात नावाजलेले गुंतवणूकदार. ज्योतीरामनं त्यांना कधी पाहिलेलं नाही. त्यांची भाषणं तो मोबाइलवर मराठी आवाजात ऐकतो. पण त्यांचं नाव घेताना तो कानाच्या पाळीला हात लावतो, जसे आमच्यातले गवई आपल्या उस्तादांचं नाव घेताना लावतात. म्हणून मीच त्यांना 'उस्ताद' म्हणायला लागले आणि मग सोसायटीत तेच नाव पडलं.

उस्तादांचं सांगणं ज्योतीरामनं थोडक्यात असं लावलं होतं: चांगल्या कंपनीचा शेअर घ्यावा आणि धरून बसावं. बाजार पडेल, चढेल, आपण हलायचं नाही. खूप वर्षांनी बघायचं. ह्यालाच तो 'लाँग टर्म' म्हणे.

त्यानं शेअर घेतले तेही आपल्या पद्धतीनं. ज्या कंपन्यांचा माल त्याच्या भट्टीतून गेला, फक्त त्यांचेच. "ज्याचा गिअर मी हातात धरलाय, त्याचाच कागद धरणार," असं तो म्हणायचा. बाजार पडला की कट्ट्यावर सगळे म्हातारे सुतकी चेहऱ्यानं बसत, आणि हा शीळ वाजवत यायचा. आणि ही लाँग टर्म नुसती शेअरपुरती नव्हती. नातू समर्थ प्राथमिक शाळेत असताना ह्यानं त्याला एक स्वेटर आणला. तो पोराच्या घोट्यांपर्यंत येई. "वाढेल की पोरगं," ज्योतीराम म्हणाला. समर्थ आता ताथवड्याला इंजिनिअरिंग शिकतो. गेल्या थंडीत तो स्वेटर त्याला बरोब्बर बसला. ज्योतीरामनं त्याला माझ्या दारात आणून समोरून, पाठीमागून फिरवून दाखवला आणि म्हणाला, "बघा बाई. लाँग टर्म."

यशोदेचं दुःख इथूनच सुरू होतं.

यशोदा चिंचवडगावात एका बाईच्या मिरची कांडपावर कितीतरी वर्षं कामाला जाते. तिच्या हातचं येसर, म्हणजे मराठवाड्यातलं ते डाळी-मसाला भाजून कुटलेलं खमंग पीठ, आमच्या सोसायटीतल्या निम्म्या स्वयंपाकघरांत आहे. तिची एकच इच्छा. स्वतःचं कांडप यंत्र, स्वतःचा गाळा, वर स्वतःच्या नावाची पाटी. उन्हाळ्यात तिला कळलं की गावातल्या कस्तुराबाईंचा रस्त्यावरचा गाळा दसऱ्याला रिकामा होतोय. कस्तुराबाई म्हणाल्या, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अनामत घेऊन ये. नाही आलीस तर मोबाइलच्या दुकानवाला उभाच आहे."

तिनं नवऱ्याला सांगितलं. थोडे शेअर विका. नवऱ्यानं कानाच्या पाळीला हात लावला.

"अहो, पडला तरी विकायचं नाही, चढला तरी विकायचं नाही," ती माझ्यासमोरच त्याला म्हणाली. "मग ते आहे कशाला?"

"आत्ता काढला तर माल कच्चा राहतोय, यशोदा. लाँग टर्मला बघ तू."

"लाँग टर्म म्हणजे कधी, ते एकदा सांगा. माझी साठी झाली. मुसळ उचलायला मी वर गेल्यावर येऊ का खाली?"

"उस्ताद बघ. एवढा पैसा, पण अजून त्याच जुन्या घरात राहतात."

"त्यांच्या घरातल्या बाईला विचारलंय का कुणी?"

ज्योतीराम विकायला काही तयार झाला नाही. दुसऱ्या दिवशी यशोदा एकटी माझ्याकडे आली. "बाई, तुमचं ऐकतात ते. काहीतरी करा."

ज्याची एखाद्यावर श्रद्धा आहे त्याला समजावून उपयोग नसतो. त्याला रंगमंच द्यावा लागतो. मी ज्योतीरामला बोलावून म्हटलं, "खंडेनवमीला चाकणला आपण वादविवाद ठेवू. विषय, उस्तादांचं खरं की खोटं. अध्यक्ष मी. कबूल?"

त्याचे डोळे चमकले. पडद्यामागं आयुष्य गेलेल्या माणसाला कुणी मध्यभागी बोलवलं होतं. "कबूल," तो म्हणाला. "हरलो तर विकतो. पण जिंकलो तर हिनं गाळ्याचं नाव काढायचं नाही."

मी यशोदेकडं पाहिलं. तिनं पदर खोचला. "कबूल," ती म्हणाली. 

चाकणला म्हणजे निरंजनच्या शेडमध्ये. निरंजन हा ज्योतीरामच्या जुन्या सुपरवायझरचा मुलगा. त्यानं हीट ट्रीटमेंटचं छोटं युनिट टाकलंय आणि ज्योतीराम तिथं अधूनमधून भट्ट्यांवर नजर टाकायला जातो. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांची पूजा असते. त्या दिवशी हत्यारं पुजायची, चालवायची नाहीत. कामगार बायकापोरांना घेऊन येतात, आणि मी दरवर्षी एक नांदी म्हणते.

यंदाही मोठ्या भट्ट्या पुसून, झेंडूच्या माळा घालून थंड उभ्या होत्या. पॅनेल बोर्डाला हळदकुंकू, केळीच्या पानावर नटबोल्ट आवळायचे पाने आणि मापं घ्यायचे व्हर्नियर मांडलेले, आणि उदाचा एवढा धूर की चौथ्या रांगेतला माणूस देवासारखा दिसावा. चालू होती ती फक्त कोपऱ्यातली एक छोटी विजेची भट्टी. पूर्वी ती वेल्डिंगच्या कांड्या सुकवायची, आता निवृत्त होऊन कामगारांचे डबे गरम करते. तिला कुणी यंत्र मानत नाही, म्हणून तिला सुट्टीही नाही. दर खंडेनवमीला ज्योतीराम तिच्यात प्रसादाच्या शेंगा भाजतो. शेडची जागा ज्यांची, त्या कोंडाजींच्या उरलेल्या वावरातल्या ताज्या शेंगा, मिठाचं पाणी शिंपडून. त्या शेंगांची कीर्ती पार दिघीपर्यंत गेलेली आहे. त्यांचा नियम एकच. ज्योतीराम म्हणेपर्यंत दार उघडायचं नाही. मध्ये उघडलं की वाफ जाते आणि दाणा मऊ राहतो. घड्याळ तो लावत नाही. वासावरून त्याला कळतं.

त्यानं शेंगांचा ट्रे आत सरकवला, दार लावलं, हात झटकले आणि येऊन माझ्या उजवीकडे उभा राहिला. यशोदा त्या भट्टीजवळच्या खुर्चीवर बसली. मी पूजेची घंटा वाजवली.

"पहिले वक्ते, कोंडाजी!"

कोंडाजींनी टोपी सारखी केली. "म्या काय शिकलेला न्हाई. पन जिमीन हाय, ती दिसती. पायाखाली दाबून बघता येती. ह्या ज्योतीरावाचा शेर कुटं हाय? फोनात! फोन इहिरीत पडला की शेर मेला."

लोक हसले. ज्योतीरामनं हात जोडून विचारलं, "कोंडाजी, ही शेडची जागा तुम्ही विकली नाही, भाड्यानं दिली. पलीकडची?"

"ती इकली ना पयल्या झटक्यात! आन आता तितला भाव कानावर आला की घास उतरत न्हाई, राव."

"मग काय करायला पाहिजे होतं?"

"थांबाया पायजे व्हतं! येवढी घाई करायची काय गर..." कोंडाजी मध्येच थबकले. शेडमध्ये एवढा हशा झाला की केळीच्या पानावरचा एक पाना खाली पडला. "ह्यो मानूस मला कुटं नेतुय बगा," असं म्हणत कोंडाजी बसले.

यशोदेनं माझ्याकडे पाहिलं. आमच्या बाजूचा पहिला गडी समोरच्याच्या बाजूनं बोलून गेला होता.

"दुसरे वक्ते, निरंजन."

निरंजन तयारीनं आला होता. "काका, तुमच्याकडं ज्या गिअर कंपनीचे शेअर आहेत, तिचं निम्मं काम गिअरबॉक्सचं. उद्या सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक झाल्या की कुठले पाच-पाच गिअर?"

"एक तरी असतोय का नाही?"

"एखाद-दुसरा असतो."

"मग तो कोण कडक करणार? तूच ना? का दुकान बंद करायलास?"

"नाही, पण..." निरंजननं कॉलर सैल केली, पण तो हटला नाही. "बरं, ते सोडा. उस्ताद जिंकलेल्या कंपन्यांच्या गोष्टी सांगतात. पिंपरीत किती भोंगे बंद झाले ते आठवा. ज्यांच्या भोंग्यावर आमच्या बाबांनी घड्याळं लावली, तिथं आज टॉवर उभे आहेत. त्यांचे शेअर धरून बसलेल्या माणसानं काय करायचं? किती थांबायचं?"

शेडमध्ये कुणीतरी "बरोबर आहे" म्हणालं. त्या बंद भोंग्यांच्या कारखान्यांत नोकऱ्या केलेले दोघे-तिघे समोरच बसले होते. ज्योतीराम विंगेत दोरी धरून उभा राहायचा तसा उभा राहिला. मग बोलायला लागला, आणि खरं सांगते, मी त्याला इतकी वर्षं पडदा ओढताना पाहिलं, पण हा नट त्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

"भोंगे बंद झाले, खरंय. मी पण त्या गेटवर उभा राहून रडलोय. म्हणून तर एकाच कंपनीवर जीव टाकायचा नाही. पण माणसं थांबली का? त्या गेटबाहेर पडलेली माणसं भोसरीत गेली, चाकणला आली, टपऱ्या टाकल्या, वर्कशॉप टाकली. एक शिफ्ट सुटली की दुसरी येतीच. उस्तादांचा विश्वास कुठल्या कागदावर नाही. माणूस उद्या सकाळी उठणार, डबा घेणार, कामाला जाणार आणि कालच्यापेक्षा जरा बरं काम करणार. एवढ्यावर विश्वास आहे. हा विश्वास ठेवला नसता, तर लातूरहून पत्र्याची पेटी घेऊन मी इथं कशाला आलो असतो?"

टाळ्या पडल्या. कोंडाजींनीही वाजवल्या. मी अध्यक्ष, मला वाजवता येत नव्हत्या, पण हात शिवशिवत होते. त्याच वेळी माझ्या मनात आलं, यशोदेचा गाळा गेला.

आणि त्याच वेळी मला वास आला.

आधी वाटलं उदाचा. मग वाटलं कुणाची उदबत्ती पानावर पडली. मी मान वळवली तर भट्टीजवळ बसलेल्या यशोदेची नाकपुडी हलताना दिसली. आयुष्यभर भाजणी केलेलं नाक ते. तिला माझ्या आधी कधीच कळलं असणार. निरंजनही उठला आणि भट्टीकडे निघाला. यशोदेनं त्याचं मनगट धरलं.

"बस," ती हळूच म्हणाली. "तुझे काका बोलायलेत. दार उघडायचं नाही."

"अहो काकू, शेंगा..."

"लाँग टर्म आहे. बस."

तिनं माझ्याकडे पाहिलं. रंगमंचावर सोबतची नटी संहितेत नसलेलं काहीतरी करायला निघाली की जशी बघते, तसं. असली नजर मला ओळखता येते. मी घंटा हळूच मांडीवर ठेवली.

ज्योतीरामला आता टाळ्यांची चव लागली होती. उदाच्या धुरात त्याचं नाकही बधिर झालं असावं. तो हात उंच करून म्हणाला, "म्हणून सांगतो मंडळी, एकदा माल आत टाकला की टाकला! सारखं डोकावायचं नाही! आत काय व्हायलंय याची काळजी करायची नाही!"

त्याच्या पाठीमागं भट्टीच्या दाराच्या फटीतून काळ्या धुराची एक सुंदर वेलांटी वर चढली.

"ज्योतीराव," कोंडाजी म्हणाले, "आत लईच काय तरी व्हतंय."

ज्योतीराम वळला. "आयला!" एवढंच त्याच्या तोंडून बाहेर पडलं. त्यानं झेप घेऊन दार उघडलं, आणि पुढचा काही वेळ कुणाला काही दिसलं नाही. पोरं खोकत बाहेर पळाली. झेंडूच्या माळांवर काजळी बसली. धूर निवळला तेव्हा ज्योतीराम हातमोजे घालून ट्रे धरून उभा होता. त्यात शेंगांच्या आकाराचे कोळसे होते.

कुणी हसलं नाही. त्या शेंगांसाठी सगळे वर्षभर थांबलेले होते.

सभा अजून माझ्याच ताब्यात होती. मी घंटा वाजवली. "शेवटच्या वक्त्या, यशोदा."

यशोदा उठली. ट्रेमधली एक शेंग उचलून तिनं चिमटीत दाबली. तिची काळी भुकटी झाली. ती तिनं नवऱ्याच्या हातमोज्यावर ठेवली. "माझं भाषण झालं, बाई," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.

तेव्हा मात्र शेड हशानं फुटली. निरंजन खाली बसून हसत होता. कोंडाजींची टोपी कुठे गेली ते त्यांना संध्याकाळी कळलं. फक्त ज्योतीराम हसत नव्हता. तो ट्रे ठेवून यशोदेसमोर आला.

"तुला कधी कळलं?"

"तुम्ही लातूरच्या पेटीवर आलाव तेव्हा."

"मग सांगायचं नाही का?"

"गाळ्याचं उन्हाळ्यापासून सांगायलेय. ते ऐकलंव का?"

ज्योतीराम तिच्या शेजारी टेकला. त्यानं हातमोजे काढले. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "आमच्या कामात माल टाकतानाच काढायची वेळ ठरवतेत. आधी काढला तर कच्चा. ठेवूनच दिला तर गिअरसुद्धा वाया जातोय. हे मी इतक्या पोरांना शिकवलं."

"उस्तादांना कुणी गाळा मागत नाही," यशोदा म्हणाली. तिचा आवाज आता मऊ झाला होता. "म्हणून त्यांना काढायची गरज नाही. आपल्याला आहे."

ज्योतीरामनं खिशातून मोबाइल काढला. "निरंजन, विकायचं बटण कुठं असतंय रे?"

आता मात्र आम्ही सगळे त्या मोबाइलभोवती जमलो. त्यानं कधीच काही विकलेलं नव्हतं.

"काका, हे काय, खरेदीच्या शेजारचं लाल."

"हे? मला वाटायचं हे दाबलं की खातं बंद होतंय. म्हणून मी अंगठासुद्धा लांब ठेवायचो."

लाल बटण दाबलं तर त्यानं शेअर विकायचा वेगळा पिन मागितला. हा पिन ज्योतीरामनं कधी घेतलेलाच नव्हता. तो घ्यायला मेल उघडावी लागणार होती, आणि मेलचा पासवर्ड समर्थला ठाऊक. समर्थ कॉलेजात. तो फोन उचलेपर्यंत, पासवर्ड सांगेपर्यंत आणि ज्योतीराम तो चुकीचा लिहीपर्यंत त्या दिवसाचा बाजार बंद झाला.

"उद्या करू की," निरंजन म्हणाला आणि मग त्यानं जीभ चावली. उद्या दसरा. बाजाराला सुट्टी.

कोंडाजींनी मांडीवर थाप मारली. "म्हंजी आता बाजारच म्हनतोय, थांबा!"

यशोदेचा चेहरा उतरला. परवा सकाळी तर कस्तुराबाईंची मुदत. आणि एक अख्खा दिवस, रिकामा, ज्योतीराम आणि उस्ताद दोघंच समोरासमोर.

दसऱ्याला संध्याकाळी ज्योतीराम आपट्याची पानं घेऊन माझ्याकडे आला. पाया पडला, बसला, चहा घेतला. उठेना. हात हळूहळू कानाच्या पाळीकडे निघाला होता.

"बाई, उस्ताद काय म्हणतेत..."

"थांब," मी म्हटलं. त्याचाच शब्द मी पहिल्यांदा त्याच्यावर वापरला. "त्या प्रयोगात तू पडदा पाडला नाहीस, म्हणून मला टाळी मिळाली. मान्य. पण माझं पद संपल्यावर पाडलास ना?"

"पाडला की. टाळी चालू असतानाच."

"तो तसाच वर ठेवून तू घरी गेला असतास तर?"

ज्योतीरामनं विचार केला. "तर तुम्ही अजून तिथंच उभ्या असता."

"त्या जरीच्या साडीत. उपाशी."

तो आधी गालातल्या गालात हसला, मग मोठ्यानं हसला, आणि मग हसता हसता त्यानं डोळे पुसले. जाताना दारात थांबून म्हणाला, "उद्या सकाळी तुमच्याकडंच येतो. घरात माझा अंगठा हलायचा नाही."

सकाळी बाजार उघडायच्या आधीच ते दोघं माझ्या दिवाणखान्यात हजर. यशोदेनं कस्तुराबाईंकडे जायची नवी साडी नेसली होती. निरंजनकडून पिन काढून आणला होता. आता प्रश्न, कुठला शेअर विकायचा? ज्योतीराम एकेका नावावरून बोट फिरवायला लागला. "ह्यांचा शाफ्ट फार गुणी... ह्यांचे पिनियन मी पहिल्या पगाराच्या वेळी... ह्यांच्या मॅनेजरनं मला दिवाळीला..." मुलीला सासरी पाठवताना बाप करतो तसं चाललं होतं. शेवटी यशोदेनंच एका नावावर बोट ठेवलं. त्यानं डोळे मिटले. दुसऱ्या हातानं कानाची पाळी धरली. आणि लाल बटण दाबलं.

काहीच झालं नाही. ना घंटा, ना पडदा.

"एवढंच?" ज्योतीराम म्हणाला.

"एवढंच," यशोदा म्हणाली. खाली बघत तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग एकदम उठून म्हणाली, "चला, तो मोबाइलवाला लवकर उठतोय." पैसे खात्यावर यायला वेळ होता, म्हणून अनामतीपुरते निरंजननं पुढे केले. आढेवेढे न घेता. काजळी पुसायला लावल्याचं व्याज म्हणून त्यानं फक्त येसर मागितलं.

दिवाळीच्या पाडव्याला कांडप सुरू झालं. पाटीवर फक्त 'यशोदाबाई' आहे. ज्योतीरामचं नाव खाली बारीक अक्षरात घालावं असं मी सुचवलं होतं, पण तोच नको म्हणाला. पाडव्याच्या दिवशी मी तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून नांदी म्हटली, आणि मिरचीच्या खकाण्यानं दुसऱ्या ओळीतच शिंकले.

आता रोज दुपारी ज्योतीराम गाळ्यात बसतो. दोन मुसळं आळीपाळीनं वरखाली होतात, तो उखळाकडे बघत असतो आणि रांगेतल्या बायकांना 'थांबा' म्हणतो. राहिलेले शेअर त्यानं धरून ठेवले आहेत आणि त्यावर यशोदा काही बोलत नाही. वादविवादाचा निकाल मी अध्यक्ष म्हणून अजून जाहीर केलेला नाही. कुणी विचारलंही नाही.

परवा मी तिथं असताना कोंडाजी आपल्या मिरच्या घेऊन आले. आल्या आल्या सुरू झाले, "ज्योतीराव, आमच्या निरंजनशेठनं सांगितलं. तू इकलेला शेर लईच चढला म्हनं!"

रांगेतल्या बायकांनी माना वळवल्या. यशोदेनं मान वर केली नाही, पण तिचा हात थांबला. ज्योतीरामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"लई लागलं का रं मनाला?" कोंडाजी वरमून म्हणाले.

"मिरची आहे, कोंडाजी," ज्योतीराम म्हणाला. "तुमचीच आहे. पोत्याजवळून जरा मागं सरा."

खरंच मिरची होती की काय, ते सांगता येणार नाही. मलाही पाणी येत होतं आणि माझा तर एकही शेअर नाही. यशोदेनं उखळातली चिमूटभर पूड तळहातावर घेतली, नाकाशी नेली आणि यंत्र बंद केलं.

"झालं," ती म्हणाली. "काढा."

आणि ज्योतीरामनं लगेच काढली.